शांतता भाड्याने मिळेल

मुंबईत समुद्राचा वारा अजून फुकट मिळतो; शांतता मात्र तासाच्या दरानं विकत घ्यावी लागते. ती विकणाऱ्या दुकानाला रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणतात. पाटीवर अर्थात तसं लिहिलेलं नसतं. पाटीवर ‘डबिंग, मिक्सिंग, मास्टरिंग, जिंगल, भक्तिगीत, पॉडकास्ट’ अशी लांबलचक यादी असते. पण ते सगळं तोंडी लावणं. गिऱ्हाईक खरे पैसे मोजतं ते एका जाडजूड दाराचे. दाराच्या अलीकडे रिक्षा, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, कुणाच्या तरी नव्या गाडीचा रिव्हर्सचा हॉर्न आणि भंगारवाला. पलीकडे काही नाही.

हे ‘काही नाही’ तयार करायला भयंकर खर्च येतो. चांगल्या स्टुडिओत खोलीच्या पोटात दुसरी खोली बांधलेली असते. आतली जमीन रबरी पॅडवर बसवतात. आतल्या भिंती बाहेरच्या भिंतींना टेकत नाहीत. पुण्याच्या वाड्यात केस चालू असताना मालक आणि भाडेकरू राहतात तशा, शेजारी शेजारी पण स्पर्श न करता. दारं दोन, मध्ये पोकळी. गायक आणि रेकॉर्डिस्ट यांच्यामधली काचही दुहेरी, आणि त्यातली एक मुद्दाम तिरकी बसवलेली. पहिल्यांदा आलेला माणूस ती काच बघून सुताराला नावं ठेवतो. पण दोन्ही काचा समोरासमोर सरळ ठेवल्या तर आवाज त्यांच्यामध्ये टोलवाटोलवी करत बसतो, म्हणून हा तिरकेपणा. एसीच्या नळकांड्यांनाही आतून अस्तर लावतात, कारण जिथून हवा येते तिथूनच आवाज येतो. गुदमरून मरायचं नसेल तर हा एवढा एक चोर घरात घ्यावाच लागतो.

ज्यांना हा खर्च झेपत नाही ते अंड्यांचे ट्रे आणतात. बेडरूमच्या चारही भिंतींना पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले की स्टुडिओ झाला, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की सोवळ्यातल्या घरांतसुद्धा अंड्यांचे ट्रे निव्वळ कलेपोटी शिरलेले आहेत. आजी विचारते, ‘‘हे रे काय?’’ नातू सांगतो, ‘‘साउंडप्रूफिंग आहे गं.’’ आजी गप्प बसते, तेवढंच त्यातलं प्रूफिंग. हे ट्रे बाहेरचा आवाज अडवत नाहीत. खोलीतल्या उंच स्वरांचा पडसाद थोडाफार शोषतात, संपलं. आवाज अडवायला वजन लागतं, आणि रिकाम्या पुठ्ठ्याला ते नसतं. परिणामी शेजारच्या कुकरची शिट्टी दुसऱ्या अंतऱ्यात येते, आणि वाईट याचं वाटतं की ती सुरात असते.

ही कटकट मात्र आजची नाही. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला उतरला तेव्हा आपल्याकडे स्टुडिओ नावाची वस्तूच नव्हती. त्यानं हॉटेलात यंत्र मांडलं. माइकही नव्हता, एक भलामोठा कर्णा होता, त्यात तोंड घालून गायचं. विजेचा काही संबंध नाही. गाणाऱ्याच्या आवाजाच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. नाजूक, मुलायम, कुजबुजत्या गळ्याचं त्या कर्ण्यापुढं काही चालत नसे. गायिका गौहर जाननं तीनेक मिनिटांत गाणं आटोपलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. ऐकणाऱ्यांना तो बाईंचा रुबाब वाटतो, आणि रुबाब बाईंकडे होताच. पण मूळ कारण कारकुनी आहे. तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिराला ठुमरी कोणती नि बाई कोणती हे कसं कळावं? म्हणून पार्सलच्या आतच नाव घातलेलं.

तीन मिनिटं हा भाग आपल्या बुवालोकांना बरेच दिवस पचला नाही. ज्यांचे तंबोरे जुळायलाच अर्धा तास लागतो, त्यानंतर सुपारी कातरायला पाच मिनिटं लागतात, त्यांना एका बाजूवर आलाप, बंदिश, ताना आणि समेवर येणं एवढं सगळं उरकायचं होतं. आज रील तीस सेकंदांचं झालं म्हणून जे गळा काढतात त्यांनी लक्षात ठेवावं, की ‘आवरा लवकर’ हा या धंद्यातला पहिला संस्कार आहे.

पुढे 1931 साली ‘आलम आरा’ आला आणि चित्रपट बोलू लागला. बोलू लागला खरा, पण कधी, तर रात्री एक ते चार. कारण अर्देशिर इराणींच्या स्टुडिओला खेटून रेल्वेचे रूळ होते. आवाज चित्रासोबत त्याच वेळी, त्याच फिल्मवर पकडला जायचा. नंतर बसवण्याची सोयच नव्हती. दिवसा शूटिंग केलं असतं तर राजपुत्राच्या प्रत्येक प्रेमालापाला ग्रँट रोडच्या गाडीनं साथ दिली असती. माइक पात्रांच्या आसपास लपवायचे, पेटी-तबलेवाले कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवायचे, आणि शेवटची लोकल गेली की प्रेमाला सुरुवात करायची. भारतीय बोलपटाचा जन्म रेल्वेच्या वेळापत्रकानुसार झाला आहे. मुंबईच्या लेकराला हे शोभूनच दिसतं.

पार्श्वगायन आलं तरी पार्श्वभूमीवरचा गोंगाट कुठं जाणार? एसी नव्हते. पंखे होते, पण पंख्याची घरघर माइकमध्ये जायची, म्हणून टेक सुरू होताना पंखे बंद. मे महिना, बंद दारं, आत पन्नास वादक आणि पंखा बंद. नौशादांच्या एका गाण्याच्या वेळी आपण उकाड्यानं चक्कर येऊन पडलो होतो, असं लताबाईंनी स्वतः सांगितलेलं आहे. आपण त्या काळचं गाणं लावतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, ‘‘वा! काय गारवा आहे!’’

‘महल’मधल्या त्या सुप्रसिद्ध गाण्याच्या वेळी (1949) नायिका लांबून गात गात जवळ येतेय असं वाटायला हवं होतं. आज हे काम एक बटण सरकवून होतं. तेव्हा माइक मध्यभागी ठेवला आणि लताबाईंना कोपऱ्यात उभं केलं. त्या गात गात एकेक पाऊल पुढे येत गेल्या आणि मुखडा बरोबर माइकपाशी धरला. विशीच्या आतली मुलगी, चालताना पावलांचा आवाज नको, ताल चुकायला नको, श्वास दिसायला नको. आणि ‘मुघल-ए-आझम’च्या शीशमहालातला तो घुमारा? त्यासाठी नौशादांनी लताबाईंना स्टुडिओच्या बाथरूममध्ये उभं करून गायला लावलं, असं सांगतात. शीशमहालाच्या सेटवर पाण्यासारखा पैसा ओतला, त्या महालाचा आवाज मात्र न्हाणीघरातून आला. लंडनच्या ॲबी रोडवरच्या नामांकित स्टुडिओतही तेव्हा वेगळं काही चालत नव्हतं. तिथं एक रिकामी खोली राखून ठेवलेली होती. तिच्यात एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला माइक आणि मध्ये सांडपाण्याच्या नळांची चिनीमातीची धुडं उभी केलेली. आवाज त्यांच्यावर आपटून घुमून परत यायचा. बीटल्सच्या आवाजाला जी दैवी झळाळी आहे म्हणतात, तिच्यात प्लंबरचाही हात आहे.

ॲबी रोडचं नाव निघालंच आहे तर: 1931च्या नोव्हेंबरात एडवर्ड एल्गारच्या हस्ते, म्हणजे त्याच्याच वाद्यवृंदसंचालनानं सुरू झालेला हा स्टुडिओ. जॉर्जियन काळातलं एक निवासी घर विकत घेऊन मागच्या बागेच्या जागी दालनं बांधली. समोरच्या झेब्रा पट्ट्यांवरून चौघे बीटल 8 ऑगस्ट 1969 रोजी ओळीनं चालत गेले, शिडीवर चढलेल्या फोटोवाल्यानं चित्र टिपलं, पोलिसानं तेवढ्यापुरती वाहतूक अडवली, आणि 2010 साली त्या पट्ट्यांना चक्क संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. मुलाकडे लंडनला गेलेले आपले जोशी-कुलकर्णीही तिथं एक पाय पुढे टाकून फोटो काढतात. हाच प्रयोग दादर टीटीला करून बघावा. वारसा होईल, पण तो आपल्या मुलांना वारसाहक्कानं मिळणारा.

याच बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन जानेवारी 1968 मध्ये मुंबईत रेकॉर्डिंगला आला, आणि माझ्या मते मुंबईतल्या स्टुडिओंच्या इतिहासातलं सगळ्यात मुंबईकर प्रकरण हेच. ‘वंडरवॉल’ नावाच्या चित्रपटाचं संगीत त्याला इथल्या वादकांकडून करून घ्यायचं होतं. शिवकुमार शर्मा, आशीष खान असे एकेक तयारीचे लोक. जागा फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरचा एचएमव्हीचा स्टुडिओ. ह्याच कंपनीत जी. एन. जोशी हे स्वतः भावगीतगायक असलेले गृहस्थ वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगचा कारभार पाहत होते, आणि आदल्याच वर्षी त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही संतूर, बासरी आणि गिटारची तबकडी काढली होती. (त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ मिळालं तर जरूर वाचा. थोरामोठ्या बुवांना स्टुडिओच्या दारापर्यंत आणणं हे गाण्याहून अवघड काम कसं असतं, ते त्यात कळतं.)

तर हॅरिसन आला, आणि त्याला कळलं की इथं यंत्र आहे ते मोनो. स्टिरिओ यंत्र कलकत्त्याला. मग एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी ते दोन ट्रॅकचं धूड आगगाडीत घालून मुंबईला आणवलं. यंत्र लागलं, सूर जुळले, आणि मग उलगडा झाला की स्टुडिओ कार्यालयांच्या डोक्यावर आहे. खिडकीखालून टॅक्सी गेली की ती गाण्यात. हे एक वेळ चाललं. पण संध्याकाळचे साडेपाच वाजले की कचेऱ्या सुटायच्या आणि शेकडो माणसं जिन्यावरून धाडधाड उतरायची. हॅरिसननं नंतर सांगितलं आहे, की ती माणसं उतरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवावं लागे. डोळ्यांपुढे आणा. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बँडचा गिटारवाला, हातावर हात ठेवून बसलेला. संतूर थांबलेलं, सरोद मांडीवर आडवी. आणि खाली एकेक कारकून डबा काखोटीला मारून व्ही.टी.ची लोकल गाठायला निघालेला. बीटल वर बसलाय हे त्याला कोणी सांगितलं असतं, तरी तो एक पायरी हळू उतरला नसता. लोकल महत्त्वाची. त्या सत्रात वाजलेलं एक गाणं पुढे ॲबी रोडला आवाज चढवून ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला जगभर गेलं. मी ते हेडफोन लावून ऐकलंय. बासरी सुरेख आहे, पण माझे कान आपले जिन्यावर.

त्या काळातल्या हिंदी गाण्याचं रेकॉर्डिंग म्हणजे एक लग्नकार्यच. ताडदेवचं फिल्म सेंटर, फेमस, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, दालनं अशी की वादक गट करून बसायचे. व्हायोलिनवाले इकडे, ऱ्हिदम तिकडे, गायक बूथमध्ये. निम्म्याहून अधिक व्हायोलिन आणि ब्रास गोव्याकडचे. चर्चमध्ये लहानपणीच स्टाफ नोटेशन घोटून आलेले हे लोक कागद पुढे ठेवला की वाजवायला लागत. सरगम मागणाऱ्या संगीतकाराला आणि कागद मागणाऱ्या वादकाला एकमेकांशी बोलतं करायचं काम सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारख्या अरेंजरांचं. यातले गोन्साल्विस माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि 1977 साली गुरुदक्षिणा म्हणून त्यांचं नाव एका मसालेपटातल्या गाण्यातून देशभर वाजवलं. अंड्यातून बाहेर येणाऱ्या नायकाच्या तोंडी आपलं नाव, ही गुरूला सुचेल अशी दक्षिणा नव्हे.

सगळं एकदमच मुद्रित व्हायचं. चौथं मिनिट सुरू आहे, गायकानं जीव ओतलाय, आता शेवटचा मुखडा, आणि तिकडे ट्रँगल वाजवणाऱ्याची काडी हातातून सुटते. टिंग. झालं. पुन्हा पहिल्यापासून, शंभर माणसं. त्या क्षणी ट्रँगलवाल्याकडे ज्या नजरेनं बघितलं जाई ती कुठल्याच यंत्रावर टिपता आलेली नाही. ध्वनी शोधायचे तेही तिथल्या तिथं. राहुलदेव बर्मन यांच्या मंडळींनी ‘शोले’साठी बिअरच्या बाटल्यांत कमीजास्त द्रव ठेवून त्या फुंकल्या. बाटल्या रिकाम्या करण्याची जबाबदारी कोणावर होती, याबद्दल इतिहास मौन पाळतो.

पुण्याचं आपलं वेगळंच. 1955 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा मुद्रणाआधीच, गाणं कागदावर येण्याचीच मारामार होती. पहिलंच गीत म्हणे हरवलं, गदिमा संतापले, आणि केंद्राचे सीताकांत लाड यांनी त्यांना खोलीत कोंडून दाराला कडी घातली, तेव्हा गीत मिळालं. पुढे वर्षभरात अशी 56 गीतं झाली. स्टुडिओच्या सेवांच्या यादीत ‘कवी कोंडून मिळेल’ ही ओळ आजही घालायला हरकत नाही. गरज वाढली आहे.

आता बाकी सगळं सुटसुटीत झालंय. शंभर वादक मावणारी दालनं फार थोडी उरली. एक मुलगा, एक लॅपटॉप, एक बूथ, की काम चालू. मुलाचं वय पंचविशीचं, डोळे तांबारलेले, आणि जिभेवर साखर. ही साखर हीच आजच्या स्टुडिओची प्रमुख सेवा आहे. साठीच्या समारंभासाठी भावगीतांचा पेनड्राइव्ह काढायला काका येतात. तारुण्यात यांचा आवाज अमक्या-तमक्यासारखा होता असं घरचे म्हणतात, आणि तरुणपणी ऐकलेले साक्षीदार आता राहिलेले नाहीत. काका बूथमध्ये जातात, हेडफोन घालतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकतात. चेहरा पडतो. आपल्याला आपला आवाज हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो. माइकला हाडं नसतात. काका म्हणतात, ‘‘माइक जरा वाईट आहे का रे?’’ माइक कित्येक लाखांचा जर्मन असतो. मुलगा म्हणतो, ‘‘हो काका, बदलतो.’’ उठतो, माइक दोन बोटं सरकवतो, येऊन बसतो. ‘‘आता मस्त!’’ काका खूश.

टेक होतो. पहिल्या ओळीतच सूर सुटलेला. मुलगा टॉकबॅकवर सांगतो, ‘‘काका, एकदम भारी! फक्त एक सेफ्टी घेऊन ठेवू.’’ पुढच्या टेकला तालच सुटतो. ‘‘जरा इकडून टेक्निकल प्रॉब्लेम झाला काका, सॉरी.’’ बाविसाव्या सेफ्टीला काकूंच्या बांगड्या वाजतात, कारण काकू कौतुकापोटी बूथच्या आतच खुर्ची टाकून बसलेल्या. मग पोट वाजतं. त्या माइकची तब्येत अशी, की तो काकांचं मंद्र सप्तक टिपणार नाही कदाचित, पण दुपारचा जेवणाचा बेत सांगेल.

काका गेले की खरं काम. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर उचलून जागेवर नेतो. हे सॉफ्टवेअर 1997 साली ज्यानं बाजारात आणलं तो अँडी हिल्डेब्रँड मूळचा भूगर्भाचा अभ्यासक. जमिनीत ध्वनिलहरी सोडून खाली खनिज तेल आहे का ते ताडणं हा त्याचा व्यवसाय. तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. पाताळातलं तेल सापडतं, तर गाणाऱ्याचा मध्यम का सापडू नये? सापडतो. फक्त मग काकांचा श्वासही मुलगा पुसून टाकतो, आणि साठीचा माणूस संपूर्ण गाणं एकदाही श्वास न घेता म्हणतो. समारंभात पाहुणे थक्क होतात. रामदेवबाबांनाही न साधलेलं.

बाकी गिऱ्हाइकांचं थोडक्यात. गणपतीच्या आधी आरत्यांचे संच, निवडणुकीच्या आधी प्रचारगीतं. प्रचारगीताला चाल एकच असते आणि उमेदवाराच्या नावापुरती जागा मोकळी सोडलेली असते. प्रश्न येतो तो ‘ज्ञानेश्वरभाऊ’ असं नाव तीन मात्रांत बसवायचं झालं की. सोबत आलेले आठ कार्यकर्ते बूथबाहेर उभे राहून मोबाइल सायलेंटवर टाकतात आणि मग एकमेकांना फोन लावून खात्री करून घेतात. लग्नात नवरीच्या प्रवेशाचं गाणं स्वतः नवरीनंच गाण्याचीही आता पद्धत पडत चालली आहे. तिला नावं ठेवू नका; निदान ती मुलगी घरी रियाज करून येते. मला तर सगळ्यांत सराईत वाटले ते पॉडकास्टवाले. ते तासभर अखंड बोलतात, आणि त्यांना ना सूर लागतो ना ताल. शांतता विकत घेऊन ती लगेच खर्च करणारं असं दुसरं गिऱ्हाईक नाही.

तेव्हा मंडळी, जायचंच असेल तर खुशाल जा. कडक इस्त्रीचा खादीचा कुर्ता घालू नका, तो माइकसमोर चुरचुरतो. बांगड्या, घड्याळ, खिशातली नाणी बाहेर ठेवा. काकूंनाही. चहा पिऊन जा, गाणं पाठ करून जा, पट्टी कोणती ते पेटीवर घरीच ठरवून जा. कारण भाडं तुम्ही षड्ज लावता तेव्हापासून लागत नाही. दाराशी चपला काढता तेव्हापासून लागतं.